भाराभर गवत

हे मी आजवर माझ्या तोंडून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. भर सभेत माझ्या बापाला चोर म्हटलं गेलं, आणि तो शब्द पक्का केला तो मी.

पंधरा ऑगस्ट होता. आर्णीकडचं आमचं गाव, शाळेचं पटांगण. ओट्यावर मधल्या खुर्चीत बापूसाहेब. गावचे पाटील, शाळा कमिटीचे अध्यक्ष, इंग्रजांच्या वेळी जंगलच्या सत्याग्रहात जेलात जाऊन आलेले. त्यांचा सत्कार होता. गौरवाचं भाषण मी लिहिलेलं, मीच वाचलं. मी त्याच शाळेत मास्तर. नोकरी कायम व्हायची होती, आणि ते बापूसाहेबांच्या हातात होतं.

बाप खाली मातीत बसला होता, आमच्या मोहल्ल्यातल्या लोकांत. पोरगा माईकवर बोलतो ते पाहायला आलेला. धुतलेलं धोतर नेसून.

आदल्या वर्षी आम्ही बौद्ध झालो होतो. मोहल्ल्यानं डफडं सोडलं होतं. त्या सकाळी बापूसाहेबांच्या मिरवणुकीपुढे वाजवायला कुणीच गेलं नाही. तो राग त्यांच्या पोटात होता. उत्तराला उठले आणि बापाकडे बोट केलं.

"हा बी होता बरं का आमच्यासंग. आम्ही मूठभर गवत कापलं, यानं भारा बांधला. आम्ही गेलतो देशासाठी, हा गेलता म्हशीसाठी."

पटांगण हसलं. म्हैस आमच्या घरी कधीच नव्हती. म्हशी त्यांच्याच गोठ्यात.

घडलं होतं ते असं. इंग्रजांच्या जंगलखात्यानं जंगल बंद केलं होतं. गवताला हात लावला की दंड, ढोर शिरलं की कोंडवाडा. गावं पेटून उठली. पांढऱ्या टोपीवाल्यांनी सभा घेतली, त्यांत बापूसाहेबही होते, जंगल आपलं आहे म्हणाले. मी लहान होतो, बापाच्या खांद्यावर बसून ऐकलं. दुसऱ्या दिवशी बाप विळा घेऊन त्यांच्यासोबत गेला. त्यांनी कायदा मोडल्याची खूण म्हणून मूठ मूठ गवत कापलं, हार घालून घेतले, पोलिसांपुढे उभे राहिले. मुठीवर थांबायचं असतं, हे बापाला कुणी सांगितलंच नाही. तो कापतच राहिला. भारा बांधून डोक्यावर घेतला आणि गावाकडे निघाला. सरकारनं त्यांना सत्याग्रही म्हटलं. बापाला गवतचोर. जंगलशिपायानं पट्ट्यानं फोडून काढला, मग चोरांच्या कोठडीत टाकला. शाळेत मला दाराबाहेर बसवायचे, तिथेही पोरं ओरडायची, गवतचोराचा.

हे सगळं मला माहीत होतं. आणि मी ओट्यावर बसून होतो.

हसणं थांबल्यावर बाप उठला. हात जोडून नाही, साधाच उभा राहिला.

"पाटील, जंगल आपलं हाय, तुम्हीच म्हनलं होतं. आपलं हाय त मंग मूठभरच कायले?"

बापूसाहेब माझ्याकडे वळले.

"काय मास्तर, तुम्ही त शिकलेले आहा. सांगा, सत्याग्रह होता का चोरी?"

माईक माझ्यासमोरच होता.

"चोरीच, साहेब," मी म्हणालो. आणि हसलो.

घरी गेलो. बाप सदरा काढून बसला होता, पाठीवरचे जुने वण उघडे. मला वाटलं आता शिवी घालेल. त्यानं विचारलं, "कायम करतीन न आता तुले?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

त्या रात्रीपासून मला माझाच आवाज सहन होईना. जानेवारीत हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं. झेंडावंदनाला बापूसाहेबांवर पुन्हा भाषण हवं होतं. मी म्हणालो, त्या जंगलात माझा बापही होता, दोघांचं लिहायचं असेल तर लिहितो. ते म्हणाले, वेडेपणा करू नका. मी उठलो. महिनाभरात नोकरी गेली. आता महागावकडे दुसऱ्या शाळेत आहे.

पण हे बोललो ते बंद दारामागे. त्याच उन्हाळ्यात बाप गेला. त्याच्याशी मी यातलं काहीच बोललो नाही. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, त्या जंगलात गवताला गेलेल्या आमच्या बाया अजून शिपाई पाहून पळतात.

बापाला मी अख्ख्या गावापुढे चोर म्हटलं. त्याच गावापुढे, त्याच पटांगणात उभं राहून तो सत्याग्रही होता असं सांगणं, आणि मी खोटं बोललो असं सांगणं, एवढं माझ्याकडून राहिलं आहे. येत्या पंधरा ऑगस्टला मी जाणार. मला कुणी बोलावलेलं नाही.