जिरं दोन रॅकवर निघालं

आमचे हे, म्हणजे शिवदास, विक्रोळीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण स्टोअर काही बंद झालं नाही. ते बोरीवलीला आमच्या स्वयंपाकघरात आलं. फळ्यांना त्यांनी रॅक एक ते रॅक चार असे नंबर चिकटवलेत. मी चहापत्ती शोधायला लागले की बाहेरून आवाज येतो, "रॅक दोन, डावीकडे!" बहुतेक वेळा बरोबर असतो, म्हणूनच जास्त चीड येते.

गेल्या शनिवारी सकाळी आमची मुलगी संघमित्रा लॅपटॉपसमोर डोकं धरून बसली होती. साकीनाक्याच्या एका कंपनीत तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं आणि सोमवारी राजेश सरांना प्रोग्रॅम दाखवायचा होता. चालला तर नोकरी पक्की, नाही तर घरी.

"झालं काय?" ह्यांनी विचारलं.

"बाबा, मशीनचे सुटे भाग विकणारं दुकान आहे. जावामध्ये मी भागांच्या चार पक्क्या याद्या केल्यात, त्यांना एनम म्हणतात. बेअरिंगची एक, बेल्टची एक, मग पाइपची, हत्यारांची. गिऱ्हाईक नुसतं नाव टाकणार, ते कुठल्या यादीत आहे ते मी शोधायचं. पण पहिल्या यादीला विचारलं आणि तिच्यात ते नसलं, तर ती सरळ 'नाही' म्हणत नाही. बोंब मारते आणि अख्खा प्रोग्रॅम मरतो."

"मरतो?" मी कुकर तसाच सोडून धावत आले.

"आई, तू घाबरू नको ना! एक्सेप्शन येतं फक्त."

हे मात्र खूश. "अगं, कारखान्यातला आमचा मार्तंड अगदी असाच! रॅक एकवर बसायचा. त्याच्याकडे नसलेली वस्तू मागितली की 'नाही' म्हणायचं सोडून खुर्चीच भिरकावायचा. मग मी त्याला विचारणंच बंद केलं. रोज स्टोअर उघडायच्या आधी स्वतः सगळे रॅक फिरायचो आणि एकाच रजिस्टरात लिहायचो, कुठलं नाव कुठल्या रॅकवर. नंतर कोणी काहीही मागो, बघायचं फक्त रजिस्टर."

"बाबा, जावामध्ये ह्यालाच मॅप म्हणतात!"

"मॅप काय, मॅप? रजिस्टर म्हण."

आणि दाखवायला म्हणून वही घेऊन घुसले की स्वयंपाकघरात. "रॅक एक. हळद, जिरं, मोहरी..." रॅक तीनपाशी पेन थांबलं. "अगं, जिरं परत?"

"एक रोजचं, एक पाहुण्यांचं."

"पाहुण्यांचं जिरं? आणि दोन्ही डब्यांना नाव एकच? मग आज स्टोअर उघडणार नाही."

"अहो, जेवण व्हायचंय!"

"होऊ दे उशीर. आत्ता गप्प बसलो तर पहिलं जिरं खोडून दुसरं लिहिलं जाईल आणि मागाहून चुकीचा डबा हातात येईल. आत्ताच भांडलेलं बरं."

साडेबाराला आम्ही खरोखरच जिऱ्यावरून भांडत होतो, तेवढ्यात संघमित्रा किंचाळली, "बाबा, वाट लागली असती! क्लिप दोन याद्यांत आहे, बेल्टच्या आणि पाइपच्या!" तिने दोन्ही क्लिपना वेगळी नावं दिली. प्रोग्रॅम सुरू होतानाच चारही याद्यांचं एक रजिस्टर बनेल असं केलं. एकच नाव दोनदा आलं तर तो सुरूच होणार नाही, हेही घातलं. आम्ही सव्वातीनला जेवलो.

सोमवारी मी अकरापासून मोबाइल हातात धरून. दीडला तिचा फोन आला. राजेश सरांनी पंधरा-वीस भाग शोधून पाहिले, मग मुद्दाम स्वतःचंच नाव टाकलं. प्रोग्रॅम शांतपणे म्हणाला, 'हा माल आमच्याकडे नाही.' सर इतके हसले की बाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला आली.

"हसण्यासारखं काय त्यात?" हे म्हणाले. "उत्तर बरोबरच आहे."

संध्याकाळी मेलवर पक्क्या नोकरीचं पत्र आलं. हे एकदा वाचून पेढे आणायला पळाले. मी चारदा वाचलं. कुठे 'परंतु' लिहिलंय का, ते शोधत होते.