राईतल्या नर्सबाई

नर्सबाईंना माणसं आवडत नसत, आणि हे त्या माणसांना तोंडावर सांगत. आमच्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी सगळी नोकरी काढली. वाडीतल्या निम्म्या पुरुषांना लहानपणी सुया त्यांनीच टोचल्या होत्या. त्यामुळे पुढे कोणी सरपंच झाला काय किंवा मुंबईत फ्लॅट घेतला काय, बाई त्याला अरेतुरेच करत. "सुई बघून माझ्या अंगावर मुतला होता हा," म्हणत, "आता मला शिकवतो."

निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रामदेवीची राई हातात घेतली. कोणी दिली नव्हती. आरे-वाऱ्याच्या रस्त्यावरून आमच्या वाडीकडे वळलं की डाव्या हाताला दाट झाडी दिसते, तीच ही राई. किंजळ, बेहडा, सातवीण अशी जुनी झाडं उभी होती, पण खाली रानमोडीचं तण इतकं माजलं होतं की नवं रोप उगवायला जागा नव्हती. पाऊस ओसरला की जमीन मऊ आहे तोवर, फुलं धरायच्या आत रानमोडी मुळासकट उपटायची. माघात कडेचं गवत कापून पाचोळा ओढायचा, म्हणजे वणवा आत येत नाही. आणि मृगाच्या सुमाराला राईतल्याच बियांची रोपं लावायची, असा बाईंचा वर्षाचा क्रम.

दर रविवारी मी, शेजारच्या सुनंदावहिनी आणि वाडीतल्या दोघी-तिघी जात असू. मी शाळेत शिक्षक. बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहत. "गुरुजी, हे उपटणं नाय, हजामत झाली. मूळ कोण काढणार, तुमचे हेडमास्तर?" एकदा मला गांधीलमाशी डसली. बाईंनी दंडाला धरून मला घरापर्यंत आणलं, औषध लावलं, ताप उतरेपर्यंत बसून राहिल्या, आणि सगळा वेळ माझ्या अकलेबद्दल बोलत होत्या.

एका आश्विनात शहरातल्या कुठल्याशा क्लबाची मंडळी हातमोजे घालून आली. सोबत भलामोठा बॅनर. फोटो झाले, नाश्ता झाला. बाईंनी बॅनर सोडवला, जमिनीवर अंथरला आणि उपटलेली रानमोडी त्यावर रचायला सुरुवात केली. "ओढून न्यायला बरा आहे," त्या म्हणाल्या. "तुमची नावं खालच्या बाजूला केली आहेत, वर चिखल नको." मंडळी परत आली नाहीत. बॅनर मात्र बरेच दिवस टिकला.

मग एका शिमग्याला मुंबईकर मंडळाच्या अध्यक्षांनी राईतल्या देवळापुढे सभामंडपाची कल्पना मांडली. त्यासाठी राईची पुढची बाजू तोडावी लागणार होती. गावबैठकीत बाई उठल्या.

"कशाला मंडप?"

"देवीला सावली नको का, बाई?" अध्यक्ष म्हणाले.

"मग आता आहे ती काय आहे रे? आंधळा झालास की मुंबईला विसरून आलास डोळे?"

बाकी कोणी बोललं नाही. सगळ्यांना बाईंचं पटलं होतं, पण बाईंच्या बाजूने बोलायचं म्हणजे बाईंच्या तोंडचं ऐकायचंही आलं. झाडं तुटली. त्या दिवशी बाई करवतीच्या आवाजात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. तोडणाऱ्या माणसांनाच ते जड गेलं असावं. जेवायला ते दूर बांधावर जाऊन बसले.

मंडप झाला. चकचकीत लाद्या, स्टीलचे कठडे, पंखे. बाई त्यात एकदाही गेल्या नाहीत. पावसाळ्यात त्यांनी मंडपाच्या भिंतीला खेटून सातविणीचं रोप लावलं. मी म्हटलं, "बाई, उद्या मुळं भिंत फोडतील."

"मग? ती अध्यक्षांनी बघावी. मी कुठे असणार आहे?"

आणि खरंच, तीन-चार वर्षांत बाई गेल्या. ऐन श्रावणात, झोपेतच. गणपतीला मुंबईकर आले तेव्हा शोकसभा ठेवली, ती त्याच मंडपात. अध्यक्षांनी बाईंना वनदेवी म्हटलं, आपल्या मातेसमान म्हटलं, रुमाल डोळ्यांना लावला. शेवटी म्हणाले, "त्यांच्या स्मरणार्थ इथे शोभेची झाडं लावू. नर्सरीतून मी स्वतः पाठवतो."

सुनंदावहिनी मागे बायकांत बसल्या होत्या. गावच्या बैठकीत वहिनींचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या उभ्या राहिल्या.

"शोभेची नकोत. रविवारी रानमोडी काढायची आहे. तुम्ही येताय?"

अध्यक्ष हसले. "वहिनी, रविवारची माझी गाडी आहे."

"मग बसा खाली," वहिनी म्हणाल्या.

अध्यक्षांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. कोणी काही बोलेना, तेव्हा ते बसले.