शिडाच्या होडीचे नाना

होडीच्या नानांना पोहता येत नव्हतं. राहायचे पवना धरणाच्या काठी, पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की मागे फिरायचे. कुणी हसलं की म्हणायचे, "पवाया आलं असतं तर होडी कशाला बांदली असती?" नाना माझे चुलत चुलते, बेगडेवाडीकडे रेल्वेत ट्रॅकमन होते. रिटायर झाल्यावर त्यांनी अंगणात शिडाची होडी बांधायला घेतली आणि गावाने त्यांना वेड्यात काढलं. त्यात मीही होतो.

शिकले ते मोबाइलवर. कुठल्यातरी गोऱ्या माणसाचे व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे. "बोलनं काय करायचंय? हात बगायचा त्याचा." प्लायचे तक्ते तांब्याच्या तारेने टाचले, सांध्यांवर रेझीन भरलं. हे रेझीन घट्ट करायचं औषध घालून थोडंथोडंच कालवायचं असतं; पहिल्या दिवशी त्यांनी बादलीभर एकदमच कालवलं. ते आतल्या आत तापलं, धूर सोडायला लागलं आणि दगड झालं. नानांनी ती बादली फेकली नाही. "ही माजी मास्तरीन," असं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

शीड काकूंनी मशीनवर शिवलं. काठावर कॅम्पिंगवाले फाटके तंबू टाकून जातात, त्यांचं कापड. म्हणून ते अर्धं निळं, अर्धं नारिंगी. पर्यटक विचारायचे, "काका, पाण्यात कधी?" नाना मान वर न करता म्हणायचे, "घाई असंल त्यानं लाँचमदी बसावं." चार वर्षं हेच उत्तर.

नानांचं घर आणि पाणी यांच्यामध्ये माझी जमीन. तिच्या बांधावरून सगळी आळी पाण्यावर जायची. गुरं, धुणं, सगळं तिथूनच. कागदावर ती वाट नव्हती. आमच्याकडे अशा वाटा शब्दावर चालतात. लोणावळ्यात फ्लॅट घ्यायला मी जमीन विकायला काढली, तेव्हा नाना एकदाच आले. "वाट ऱ्हाईल न्हवं?"

"राहील की नाना. वाट कुठे जातेय?"

खरेदीखतात वाटेची एक ओळ घालायची होती. गिऱ्हाईक बिथरेल म्हणून मी तो विषयच काढला नाही. विसरलो असं लोकांना सांगतो, ते खोटं आहे.

नव्या मालकांची भिंत उठली, पण गेट उघडं असायचं, म्हणून कुणी काही बोललं नाही. दिवाळीनंतर होडी तयार झाली. काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं, आठ जणांनी खांद्यावर घेतली, पुढे शीड घेऊन नाना. गेटला कुलूप होतं. वॉचमनने मालकांना फोन लावला. प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे म्हणाले; होडी लॉनवर शोभेला ठेवणार असाल तर मात्र जरूर आणा.

मी टेम्पो आणतो म्हणालो, पलीकडच्या काठाला नेऊ. नानांनी माझ्याकडे पाहिलं. "जमीन तुजी हुती, इकलीस. वाट तुजी न्हवती." होडी परत नेऊन त्यांनी अंगणात पालथी घातली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. माझ्याशी मात्र बोलत राहिले, चहा पाजत राहिले. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी नाना गेले. अस्थी ह्याच पाण्यात सोडायच्या, असा काकूंचा हट्ट. वॉचमनने पुन्हा फोन लावला. मालक लगेच हो म्हणाले. अशा कामाला कोण अडवेल, असं उलट मलाच विचारलं. गेट उघडलं. नानांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मडकं माझ्या हातात होतं. पाणी पुरतं शंभर पावलंही लांब नव्हतं.