सोसायटीची विहीर

दिंद्रुडजवळच्या एका वाडीत अंजनाबाईंनीच बायकांची दूध सोसायटी उभी केली होती. दुधाला भाव मिळू लागला तशा घरोघर म्हशी आल्या, म्हशींसाठी हिरवा घास आला, आणि त्या घासाला पाणी देता देता सगळ्यांच्या सामाईक विहिरीनं तळ गाठला. दुष्काळात अंजनाबाईंनी देवळात बैठक बोलावली.

"बायांनो, रोज कॅनात घालून आपण आपली विहीरच डेअरीला धाडतोय. निम्मी जनावरं कमी करा, तर प्यायला तरी पाणी राहील."

सत्यभामा फणकारली, "अध्यक्षीणबाई, तुमची म्हैस दावणीला अन् उपदेश आमाला?"

"माझी पहिली जाईल. मग तर ऐकाल?"

सगळ्यांनी देवासमोर माना डोलावल्या.

अंजनाबाईंनी म्हशीला कुंकू लावलं आणि डोळे पुसत तिला बाजारात धाडलं. दुसऱ्या सकाळी त्या विहिरीवर गेल्या, तर त्यांच्या पाळीचं पाणी सत्यभामेच्या घासात चाललं होतं.

"कावून गं, माझं पाणी तुझ्या घासाला?"

"तुमाला कुठं लागतंय आता? वाया घालवायचं का, माय?"

बाकीच्या बायका उद्यापासून ते पाणी कुणी घ्यायचं यावरून भांडत होत्या. अंजनाबाईंनी घागर आत सोडली. ती तळाच्या दगडावर आपटली.