अनारकुलची चाळीस मिनिटं

अनारकुल माझी धाकटी जाऊ. आधीच सांगून टाकते, ती हट्टी आहे. एकदा मनात घेतलं की देवाच्या बापाचं ऐकणार नाही. वीस वर्षं एका अंगणात काढलीत आम्ही, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही.

आमचं गाव तलास नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. सगळा घेवड्याचा मुलूख, आणि घेवडा म्हणजे पाणी. पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला आमच्यात मुराब म्हणतात. कुणाला किती वेळ पाणी, कुणाच्या शेताचं दारं कधी मोडून पाणी आत सोडायचं, सगळं त्याच्या शब्दावर. पंधरा वर्षं तोक्तोसून मुराब होता. माझा दीर एसेन, अनारकुलचा नवरा, त्याच्या हाताखाली. एसेनची पाठ गेली, तेव्हापासून त्याचं फावडं अनारकुलच्या खांद्यावर. तीन उन्हाळे तिने दारं धरली. तोक्तोसूनच्या गुडघ्यांनी जवाब दिला, नवा मुराब निवडायची वेळ आली, तेव्हा ही सभेत सरळ उभी राहिली. "मला करा."

बापे हसले. तोक्तोसून म्हणाला, "बाईच्या हातात पाणी द्यायचं, तर निदान कागद तरी आण गं कुठला. वकिलीण होतेयस ना?"

वकिलीचं खरं होतं. एक्केचाळिसाव्या वर्षी बाई टपालाने कायदा शिकत होती. गोठ्यातही पुस्तक. पण तोक्तोसून बोलला ते टोमण्याने, आणि हिने धरलं अटीसारखं. "आणते," म्हणाली. "मार्चच्या सभेपर्यंत थांबा." सभेनेही मान डोलावली. कोण आणतंय, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

पण तिला जागा मिळाली. सरहद्दीपलीकडे, कझाकांच्या मुलखात, आमचीच नदी जिथे खाली सपाटीला उतरते तिथे, बारा दिवसांचा वर्ग. दोन देशांतून वाहणाऱ्या नद्यांचा कायदा, तोही बांधावर उभं राहून शिकायचा. ऑगस्टात निघाली. मी डबाभर बोरसोक, आमचे कणकेचे गोळे, तळून दिले, वर म्हटलं, "जा बाई. पोरापोरींत बसून नाक कापून घेऊन ये."

"नाक माझं आहे ना, एजे?" म्हणाली आणि बसमध्ये चढली. एजे म्हणजे थोरली बहीण, मला ती तशीच हाक मारते.

रोज फोन करायची. शिकवणारी साउले नावाची बाई अल्माटीची, कडक. वर्गात सगळी विशी-पंचविशीची पोरं. त्या पोरांना ही आधी स्वयंपाकीण वाटली. हिने तीन दिवसांत सगळी कलमं पाठ केली आणि मला फोनवर घोकून दाखवायची: "वरच्याने खालच्याचं नुकसान करू नये. पाण्यात काही बदल करायचा तर आधी कळवावं. झालंच नुकसान तर भरून द्यावं." मी म्हटलं, हे सांगायला बारा दिवस लागतात? हे तर मी तुला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, माझ्या वाफ्यातलं पाणी पळवलंस तेव्हा.

सातव्या दिवशी घोटाळा झाला.

प्रत्येक गटाने एकेका चारीचं पाणी मोजायचं, आकडे लिहून द्यायचे. आकडे पटले तरच कागद, असा साउलेबाईंचा नियम. हिच्या गटाच्या वाट्याला ओस्पान नावाच्या म्हाताऱ्याची चारी आली. त्याचा सगळा कांदा त्या पाण्यावर. पोरं दोरी-घड्याळ काढत होती आणि ही काठाने पुढे चालली. शेजारच्या चारीच्या तोंडाशी हिला गवतासकट एक ढेकूळ अडकलेलं दिसलं. आमच्याकडे उतार केवढा! माती, दगड, गवत सारखं वाहून येतं. पाटात अडकलेलं ढेकूळ बघून जो पुढे जाईल तो मुराब कसला, गाढव. हिने चालता चालता टाच मारली आणि उडवून दिलं. मागे वळूनही पाहिलं नाही.

आता आमच्याकडे दारं म्हणजे फळी. तिथल्या सपाटीला दारं म्हणजे तेच ढेकूळ. म्हाताऱ्याची पाण्याची पाळी होती, म्हणून त्याने शेजारणीची चारी त्या ढेकळाने बुजवली होती. हिची टाच बसली आणि पाणी निघालं शेजारणीकडे.

चाळीस मिनिटांनी म्हातारा शेताच्या टोकाकडून धावत आला. वाफे कोरडे. शेजारीण रैखान घराच्या दारात उभी, तिच्या मक्यात पाणी चमकतंय. मग काय विचारता! "चोरटे, माझी पाळी खाल्लीस!" "तुझ्या पाळीत मी घरात भाकरी भाजत होते रे, म्हाताऱ्या!" वीस वर्षांची जुनी भांडणं बाहेर निघाली. पोरं वहीत लिहून घेतायत, खालच्या भागातला पाण्याचा तंटा म्हणून. आयतंच उदाहरण मिळालं त्यांना!

हिला ढेकूळ आठवलं. कुणीही पाहिलं नव्हतं. गप्प राहिली असती तर रैखान चोर ठरली असती आणि हिचा कागद हिच्या पिशवीत पडला असता. मी असते तर? खरं सांगते, मी गप्प राहिले असते.

ही दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि म्हाताऱ्याला मानाने म्हणाली, "अक्साकाल, मी उडवलं. या टाचेने."

म्हाताऱ्याने विचारलं, "कुठली गं तू?"

"वरची. तलासची."

"वाटलंच!" म्हातारा म्हणाला. "इतकी वर्षं वरून पाणी अडवत होतात, आता खाली येऊन लाथाही मारायला लागलात?"

ही म्हणाली, "भरून देते." कशातून भरून देणार? म्हाताऱ्याची पुढची पाळी आठ दिवसांनी, आणि ऑगस्टातला कांदा आठ दिवस थांबत नाही. दुसऱ्या दिवशीची पाळी रैखानची. ही त्याच संध्याकाळी तिच्या दारात जाऊन बसली. रैखानने चहासुद्धा विचारला नाही. शेवटी म्हणाली, "माझी चारी गाळाने भरलीय, पोरं शहरात. उद्या उपसून दे, देते माझ्या पाळीतली चाळीस मिनिटं."

आणि नेमकी त्याच दिवशी साउलेबाईंनी फेरमोजणी ठेवली. म्हणाल्या, "पाणी मधेच फुटलं, तुमच्या गटाचे आकडे बाद. उद्या परत मोजा. जो येणार नाही त्याला कागद नाही."

त्या दिवशी फोनवर तिचा आवाज बसलेला होता. मी ओरडलेच, "अगं, वेड लागलंय का तुला? तो म्हातारा तुझा कोण लागतो? उद्या मोजणीला जा, कागद घे, गप घरी ये! इथे तोक्तोसून दात काढायला बसलाय!"

"एजे, मी ते कलम पाठ केलंय," ती म्हणाली. "पाठ करून त्याचं पाणी कसं बुडवू?" आणि ठेवला फोन. मला इतका राग आला की दूध उतू गेलं तरी मी जागची हलले नाही.

ती मोजणीला गेली नाही. दिवसभर रैखानची चारी उपसली. म्हाताऱ्याला त्याची चाळीस मिनिटं मिळाली. बाराव्या दिवशी सगळ्या पोरांना कागद मिळाले, हिला नाही. साउलेबाई म्हणे निरोप देताना हात बराच वेळ धरून होत्या, पण नियम मोडला नाही. ठीकच आहे, नियम तो नियम.

मार्चची सभा शाळेत भरली. मी मुद्दाम मागे बसले, शरमेने मान खाली घालून. तोक्तोसूनने मिशीवरून हात फिरवला. "काय गं, आणलास कागद?"

"आणलाय," ती म्हणाली.

मी मान वर केली. तिने वहीचं फाडलेलं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. कझाकांचं लिहिणं आम्हाला कळतं. "वरच्या गावच्या अनारकुलने माझं चाळीस मिनिटांचं पाणी टाचेने घालवलं. कुणी पाहिलं नव्हतं, स्वतः येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत दिलं. कांदा वाचला. ओस्पान." खाली दुसऱ्या अक्षरात: "चारी उपसली. कडेला जरा वाकडी आहे. रैखान."

तोक्तोसून फिदीफिदी हसला. "अरे, हा तर चोरीचा कबुलीजबाब!"

"हो," अनारकुल म्हणाली. "तुम्ही पंधरा वर्षं मुराब आहात, अक्साकाल. तुमचा एखादा असला तर दाखवा."

खालच्या आळीचा एक म्हातारा, ज्याचा घेवडा दर उन्हाळ्यात आधी जळतो, त्याने पहिला हात वर केला. मग त्याच्या सुनेने. मग त्या आळीतल्या सगळ्यांनी. माझं शेत वरच्या आळीला, पाण्याच्या तोंडाशी. ही मुराब झाली तर माझंच पाणी मापात येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी गेला बाई माझाही हात वर.

तोक्तोसूनने कुरकुरत स्वतःचं फावडं पुढे केलं. तिने दांडा हलवून पाहिला. "ढिला झालाय," म्हणाली. "राहू द्या तुमच्याकडे. माझं मी आणलंय, दाराशी उभं आहे."

ते उचलून ती बाहेर पडली, आणि जाता जाता सगळ्यांसमोर मला म्हणाली, "एजे, उद्या सकाळी तुझ्या दारापासून सुरुवात. तुझी फळी चार बोटं जास्त उघडी असते."