शेजारणीच्या गावची बिअर

बाबा सांगलीहून इकडे परदेशात, आमच्या ल्यूकनला येणार म्हटल्यावर मी स्वयंपाकघरातल्या कपाटातल्या बिअरच्या बाटल्या काढून गाडीच्या डिकीत टाकल्या. नवरा हसला. त्याचं काय जातंय हसायला? त्याने बाबांसमोर ग्लास धरला असता, तर त्यांनी फक्त पेपर जरा वर केला असता. मी मुलगी. त्यात बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका, दारूपायी गेलेला. तेव्हापासून आमच्या घरात हा विषयच कोणी काढत नाही.

शनिवारी दुपारी नवरा ड्यूटीवर होता आणि शेजारची जर्मन बाई दारात उभी राहिली. माहेराहून परतताना तिने माझ्यासाठी दोन बाटल्या आणल्या होत्या. हेलस, म्हणजे त्यांच्याकडची फिकट सोनेरी लागर. तिच्या गावातला एक छोटा कारखाना ती जुन्या पद्धतीने बनवतो आणि कितीतरी आठवडे थंडीत मुरू देतो. वर्षभर ती मला हे ऐकवत होती. मी नको म्हणायच्या आत तिने आमचेच ग्लास विसळले आणि एकेक तिरका धरून भरलाही. वर पांढरा, दाट फेस. बाबांनाही विचारलं. ते "नो, थँक यू" म्हणाले आणि उठले.

आमच्याकडची ही रीतच आहे. धाकट्याने प्यायची झाली की मोठ्याने तिथून उठायचं, म्हणजे कोणी काही पाहिलं नाही असं होतं.

"मी जरा चक्कर मारून येतो," बाबा मला म्हणाले. बाहेर पाऊस होता. पॅसेजमध्ये जॅकेटची चेन ओढल्याचा आवाज आला.

"चिअर्स करताना डोळ्यांत बघायचं हं," शेजारीण म्हणाली. "आमच्यात नाही बघितलं तर राग येतो."

माझे डोळे दाराकडे होते. मला तिचा राग आला, बाबांचा आला, माझा तर आलाच. प्यायले नाही तर ही दुखावणार, आणि प्यायले तर सत्तरीच्या बापाला मी पावसात घालवलं. शेवटी मी घोट घेतला. तो कसा लागला ते मला सांगता येणार नाही.

बाहेरचं दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही. बाबा जॅकेटसकट परत आत आले आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"कशी लागते?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं टोमणा आहे. पण ते उत्तराची वाट बघत होते. मी पुन्हा घोट घेतला आणि या वेळी तो तोंडात धरला.

"ताज्या पावाचा वास येतो," मी म्हणाले. "आधी मऊ, थोडी गोडसर. गिळताना जराशी कडू. पण ते कडूपण राहत नाही."

बाबा ग्लासातल्या फेसाकडे बघत राहिले.

"तुझ्या काकाला मी हे कधी विचारलं नाही. तो बाटली काढायचा आणि मी उठून जायचो. वाटायचं, त्याची लाज राखतोय. मग तो एकटाच पीत बसायचा."

ते काय म्हणाले, असं शेजारीण मला विचारत होती. ग्लास अजून अर्धा भरलेला होता, आणि मी तो बाजूला सारायला लागले.

"संपव सावकाश," बाबा म्हणाले. "मी बसलोय."