एका हातावर सोळा

भाऊ एका हातावर सोळा मोजायचे. अंगठा करंगळीच्या तळाशी टेकवायचा. तीन पेरं आणि वरचं टोक, झाले चार. मग पुढचं बोट. चार बोटांचे सोळा. संगणकसुद्धा सोळाच्याच हिशेबाने चालतो, असं ते सांगत, आणि मोजून झालं की हात मांडीवर टाकून देत, ओझं उतरवावं तसा.

तुम्ही मुलं मला फोनवर लाल बदाम पाठवता. पडद्यावरचा बदाम मी पहिल्यांदा पाहिला तो धुळ्यात, नव्वदीच्या सुरुवातीला, आणि मी तो पुसून टाकला. ही त्याचीच गोष्ट आहे.

लहान मुलांना लसी टोचणाऱ्या एका संस्थेचं कार्यालय मी तेव्हा सांभाळत होते. मुलांच्या नोंदी संगणकावर ठेवायच्या होत्या. त्यासाठीचा प्रोग्राम भाऊंनी लिहिला होता, बेसिक नावाच्या भाषेत, जी तेव्हाही जुनीच समजली जाई. भाऊ जळगावला मेहरूणमध्ये राहत आणि आठवड्यातून दोनदा एसटीने येत. आले की पाच मिनिटं डोळे मिटून बसत. वय पन्नाशीचं, पण चेहऱ्यावरचा शीण त्याहून जुना. काही बिघडलं म्हणून आपण धावत गेलो की म्हणत, "आधी वाचू तर द्या, अक्का."

एका दुपारी मला एका गावाचं नाव बदलायचं होतं. भाऊ यायला तीन दिवस होते. मी ती फाइल आमच्या पत्रं टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. नावं नीट दिसली, पण प्रत्येक नावापुढे काहीतरी भलतंच. कुठे हसरा चेहरा, कुठे काळा चेहरा, कुठे पत्त्यांतला बदाम. मला वाटलं, कचरा शिरला. तुम्हाला तुमची आजी माहीत आहे. मी तांदूळ निवडावेत तशी चित्रं वेचून काढली, जिथे चित्र नव्हतं तिथली रिकामी जागाही ओढून घेतली. सगळं स्वच्छ झालं. मग शिस्त म्हणून त्याची फ्लॉपीवर प्रत काढली, जुन्या प्रतीवरच.

भाऊ आले. प्रोग्राम चालवला तर एका मुलाच्या नावाला दुसऱ्याच्या नावाचं डोकं चिकटलेलं. मी काय केलं ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते अंगठा पेरांवर फिरवून मोजू लागले.

मग त्यांनी समजावलं. यंत्राला ओळी दिसत नाहीत. एका अक्षराला एक घर, अशी चौसष्ट घरं मोजली की एक मूल संपतं, दुसरं सुरू होतं. म्हणजे एक मूल चार हातांचं. त्यातलं एक घर डोस किती झाले याचं. एक डोस झाला की तिथला आकडा पडद्यावर हसरा चेहरा होऊन दिसतो, दोन झाले की काळा चेहरा, तीन झाले की बदाम.

"म्हणजे मी बदाम काढले ते..."

"तीन सुया पूर्ण झालेली पोरं, अक्का."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घरं सरळ करणं त्यांना जड गेलं नाही. एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो त्रेसष्ट घरं वाचायचा, चौसष्ट लिहायचा, आणि डोसच्या घरात शून्य ठेवायचा. नावं जागेवर आली. आकडे मात्र गेले ते गेलेच. मग गावोगाव लसी टोचणाऱ्या नर्सबाईंकडची कार्डं मागवली. मी कार्ड वाचायचे, ते त्या मुलाची नोंद उघडून एक घर बदलायचे आणि बदललेलं पुन्हा वाचून दाखवायचे. दुपारमागून दुपार. पंख्याची गरम हवा, कार्डांना येणारा औषधांचा वास. माझा आवाज बसला.

शेवटी पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यांवरची एकोणीस मुलं उरली. त्यांची कार्डं नर्सबाईंकडेही नव्हती. अहवाल पाठवायची वेळ झाली होती. आमचे डॉक्टरसाहेब दारातूनच म्हणाले, सगळ्यांना तीन टाका आणि मोकळे व्हा. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. माझी चूक त्या एकोणीस बदामांखाली झाकली गेली असती.

भाऊंनी कळफलकावरून हात काढून घेतले. "तीन लिहिलं तर त्या पोराकडे कोणी जाणार नाही, साहेब. शून्य राहू द्या. शून्य म्हणजे जाऊन बघा."

साहेब म्हणाले, मग तुम्हीच जा.

ते गेले. नर्सबाईंबरोबर, एसटीने आणि पुढे पायी. परत आले तेव्हा पाय सुजले होते, चपलेचा अंगठा दोरीने बांधलेला होता. पाच मिनिटांऐवजी अर्धा तास डोळे मिटून बसले. मग खिशातून यादी काढली. बऱ्याच आयांनी कार्डं कपड्यांच्या पेटीत जपून ठेवली होती. भाऊ एकेक आकडा सांगत गेले आणि या वेळी टाइप मी करत होते. बदाम, बदाम, काळा चेहरा, बदाम.

एका नावाशी थांबले. त्या मुलाची आई म्हणाली होती, "याले एकबी सुई नही लागनी, भाऊ." नर्सबाईंनी तिथेच, ओट्यावर, पहिली टोचली होती.

"एक लिहा," भाऊ म्हणाले. मी लिहिला. पडद्यावर हसरा चेहरा आला. मी रडले, आणि ते खिडकीकडे बघत बसले.

पुढे संस्थेचं काम आटोपलं. शेवटच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटताना त्यांचा हात खिडकीच्या गजावर होता आणि अंगठा पेरांवर फिरत होता. मेहरूणला या, म्हणाले. येईन म्हटलं.

माझ्या पत्त्यांच्या वहीत प्रत्येक नावापुढे मी काही ना काही लिहिते. घर बदललं, मुलगी दिली, वारले. भाऊंच्या नावापुढे काहीच नाही. धुळ्याहून जळगाव काही लांब नव्हतं. तीस वर्षं ती जागा कोरी आहे. शून्य म्हणजे जाऊन बघा, हे मला माहीत होतं. मी गेले नाही.